ह्यांच्या ट्रंपेटचे तीन दट्टे

सोमवार, ७ एप्रिल

हेमालीनं ही डायरी दिली. तिच्या कारखान्यात नव्या वर्षाला वाटतात, तिला लिहायला वेळ नाही. म्हणाली, "आजी, तू दिवसभर बोलतेस ते ह्यात लिहीत जा, आमच्या कानांना जरा सुट्टी." माझी शाळा तिसरीपर्यंत. चौथीत बसले तर आई आजारी पडली आणि मासळीची टोपली माझ्या डोक्यावर आली. जोडाक्षरं अजून अडतात. पण माझी नात बोईसरला पांढरा कोट घालून काचेच्या नळ्या हलवते, तर तिच्या आजीला डायरी लिहायला काय झालं.

लिहायला कारण पण तसंच आहे. ह्यांचा ट्रंपेट माळ्यावरून खाली आला.

आमच्या शिरगावात आधी आमच्याच लोकांचा बँड होता. हे त्यात ट्रंपेट वाजवायचे. होडीवरून आले की आंघोळ, लाल कोट, आणि निघाले वरातीला. सफाळ्याला जायचे, मासवणला जायचे, पार आत डोंगराकडे पण जायचे. मी ह्यांना पहिल्यांदा बघितलं ते वाजवतानाच, गाल फुगलेले. खरा चेहरा कसा आहे ते लग्न झाल्यावर कळलं. तोवर उशीर झाला होता.

मग बँजोपार्ट्या आल्या आणि बँड मोडला. दोन होळ्यांमागं पोरांनी आग्रह केला म्हणून ह्यांनी होळीपुढे ट्रंपेट काढला, तर सूर येईना. नुसतं फुस्स फुस्स. एक पोरगा बोलला, "आजोबा, पंक्चर काढून आना." सगळे हसले. मी पण हसले असेन. हे हसले नाहीत. घरी येऊन ट्रंपेट घोंगडीत गुंडाळला आणि म्हणाले, "छाती गेली, हिरे." तेव्हापासून माणूस ओट्यावर बसला तो बसलाच. जाळं शिवायला दिलं तरी सुई हातात धरून समुद्राकडे बघत राहायचे.

परवाच्या शुक्रवारी हेमालीला सुट्टी होती. ती माळा झाडायला चढली आणि ट्रंपेट घेऊन उतरली. साबणाचं पाणी केलं, वरच्या तीन बटणांच्या कडेला लावलं आणि स्वतः फुंकर मारली. बटणांच्या बुडाशी बुडबुडेच बुडबुडे. सायकलच्या ट्यूबला बघतात ना, तसं.

"आजोबा, तुमची छाती नाय गेली," ती म्हणाली. "आतले दट्टे झिजलेत. तुम्ही भरलेला वारा इथून पळतो."

आत तीन दट्टे असतात, बटण दाबलं की खालीवर होतात. वर्षानुवर्षं घासून त्यांच्यावरचा पांढरा मुलामा गेला आणि पिवळं पितळ उघडं पडलं. त्यावर नवा निकेलचा थर चढवायचा, मग घासून घासून घट्ट बसवायचे. बोईसरला होतं म्हणे.

 संध्याकाळी ह्यांनी दाढी केली. सणवार नसताना.

बुधवार, ९ एप्रिल

माझी नात किती हुशार आहे हे मी आज बोंबील घेणाऱ्या चार बायकांना सांगितलं. एकीनं ऐकून घेतलं, तिला अर्धा किलो जास्त दिले.

हे आज शिरगावच्या किल्ल्यापर्यंत चालत जाऊन आले. ट्रंपेटचं नुसतं तोंडाचं पितळ खिशात. किल्ल्याच्या भिंतीकडे तोंड करून ते फुंकत होते असं आळीतली माझी मैत्रीण चिमी सांगत आली. पूर्वी बँडवाले असंच करायचे, नुसत्या तोंडपितळावर लांब फुंकर धरायची, छाती तयार व्हायला. चिमीला वाटलं म्हातारा वेडा झाला.

मला आनंद झाला. पण तेव्हापासून जीव एका जागी नाही. दोनदा चुलीवर भात ठेवून विसरले.

शनिवार, १२ एप्रिल

दट्टे हेमालीच्या कारखान्यात आधी साफ होणार, मग मुलामा. तिथे सुजित नावाचा मुलगा आहे, मासवणचा, मुलाम्याच्या टाक्या तोच सांभाळतो. आज दट्टे न्यायला स्वतः आला. हेमाली रोज कारखान्यातच जाते, तिनं पिशवीत नेले असते. पण मुलगा बिचारा बाहेर खोली करून राहतो, जेवणाचे हाल. मी बोंबलाचं कालवण वाढलं. डोंगराकडचा असल्यामुळे काटा काढता येत नव्हता, हेमालीनंच काढून दिला. मला कधी काढून दिला नाही.

दट्टा बोटांत फिरवून म्हणाला, "आजी, ह्ये बघा. ह्या बाजूला जास्त झिजलाय. आजोबा बोट वाकडं ठेवत असतील."

हे ओट्यावरून म्हणाले, "वाकडं नाय. बोटात गळ घुसलेला तवा, ते सरळ व्हत नाय."

मग दोघं बराच वेळ बोटं बघत बसले. मोनालीची हळद सहा मेला आहे, शेजारचीच मुलगी. हे तिच्या आजीला सांगून आले, "हळदीला मी वाजवीन." मला न विचारता.

आता सांगा, न विचारता सांगून यायचं असतं का. दट्टे अजून पिवळेच आहेत.

गुरुवार, १७ एप्रिल

दट्टे साफ होऊन घरी आले. हेमालीनं ह्यांना दाखवायला आणले, उद्या सकाळी परत न्यायचे. कारखाना शुक्रवारी बंद असतो, मालकानं सुट्टीत करून घ्या म्हणून परवानगी दिली आहे. माणसं चांगली आहेत.

काय सुंदर दिसत होते. तिन्ही सोन्यासारखे. नव्या नवरीच्या पायांतल्या जोडव्यांसारखे म्हणणार होते, पण जोडवी चांदीची असतात. हे किती वेळ नुसतं बघत होते. मग कागदात गुंडाळून फळीवर ठेवले. हेमाली म्हणाली, "कुणी हात लावायचा नाय." म्हणून मी कुणाला हात लावू दिला नाही.

पण आमच्याकडचा खारा वारा. कडी लावली तर आठ दिवसांत लाल होते, विळीला एक दिवस तेल चुकलं की गंज धरलाच. उघडं पितळ, ते पण आत्ताच घासलेलं, आणि पश्चिमेची खिडकी. मला राहवेना. आमच्या घरात मुशी माशाच्या काळजाचं तेल कायम असतं, होडीच्या लाकडाला लावतो ते. माझ्या सासूबाई ते नांगराच्या साखळीला, कोयत्याला, आणि गुडघ्याला पण लावायच्या, आणि त्यांचं यातलं काहीच शेवटपर्यंत गंजलं नाही. मी तिन्ही दट्ट्यांना बोटानं हलकं लावलं, जुन्या लुगड्यानं कोरडं पुसलं. दिसायला काही नाही. कागद होता तसा गुंडाळला.

आता बरं वाटतं. माझा पण त्यात हात लागला.

रविवार, २० एप्रिल

काही चांगलं लिहायला नाही.

शुक्रवारी मुलामा चढला, काय चकचकीत दिसत होता. काल बारीक भुकटीनं घासून बसवायला घेतला तर कांद्याच्या सालीसारखा सुटून आला. तिन्हींचा. हेमाली घरी आली ती थेट पाठमोरी बसली. सुजित पण आला होता, दारातच उभा. त्यांचं भांडण मी ऐकलं, म्हणजे सगळ्या आळीनं ऐकलं.

"तू गरम साबणात बुडवलेच नाहीस."

"शुक्रवारी टाकी थंड असते. तूच बोललीस ना, कालच साफ केलेत, परत कशाला."

"साफच होते."

"मंग माझं काय चुकलं? आमी रोज शंभर नळ धरतो, एक सुटत नाय."

"आजोबांचे तीन सुटले."

तो न जेवता गेला. मला पण राग आला होता. मी म्हटलं, भात पिकवणाऱ्या गावचा मुलगा, त्याला पितळ काय कळणार. हेमालीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही त्याला कालवण वाढणारी मी नव्हतेच. आत्ता तीच तर ओरडत होती.

ह्यांनी तोंडपितळ खिशातून काढून देवाजवळ ठेवलं.

बुधवार, २३ एप्रिल

हे किल्ल्यावर गेले नाहीत. काल पण नाही.

मोनालीच्या आजीनं विचारलं, "भाऊजी वाजवणार ना गं? मी बँजोवाल्याला मधी थांबायला सांगितलंय." मी हो म्हटलं. मग घरी येऊन वाळत घातलेली मांदेली उगाच उलटी केली. सकाळीच उलटी केली होती.

शुक्रवार, २५ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहिते.

दुपारी सुजित आला. सहा दिवस आला नव्हता. हेमाली आत गेली आणि लगेच बाहेर आली, केस विंचरून. मी जेवायला वाढलं, राग असला तरी माणूस दारात आला आहे. तो जेवेना. इकडे तिकडे वास घेत होता.

"आजी, ती बाटली कसली?"

मला बरं वाटलं, कुणी विचारत नाही. मी सांगायला लागले. मुशीचं काळीज कसं उन्हात ठेवायचं, तेल कसं सुटतं, होडीला कसं लावायचं, सासूबाईंचे गुडघे. त्यानं बूच उघडून वास घेतला आणि डोळे मिटले.

"जुना मुलामा उतरवायला काल दट्टे गरम पाण्यात टाकले," तो हळू म्हणाला. "आख्ख्या खात्यात वास सुटला. आमचा एक बिहारचा माणूस हाय, तो बोलला, मच्छी कौन पका रहा है?"

मी म्हटलं, "हो, मग, मीच लावलं ना. खाऱ्या वाऱ्यापासून जपायला."

 मग हेमाली खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. सुजित म्हणाला, "आजी, तेलावर निकेल धरत नाय. बोटाचा डाग असला तरी धरत नाय. तुमी तर मालिश केली."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मी म्हटलं, माझ्यामुळे. सुजित म्हणाला, "तुमच्यामुळं नाय, आमी गरम टाकीतून काढायला पायजे व्हते. माझीच घाई." हेमाली म्हणाली, "माझी." मग दोघं कुणाची चूक यावर परत भांडायला लागली, पण या वेळी आवाज बारीक होता. मी दुसऱ्यांदा वाढलेलं कालवण तो सगळं जेवला. काटे कुणी काढले ते मी बघितलं नाही, मी ह्यांच्याकडे बघत होते.

हे ओट्यावर सगळं ऐकत होते. मी जाऊन म्हटलं, "अवो, माझ्याच हातून झालं." त्यांनी वर बघितलं नाही.

"हिरे," म्हणाले, "तुला तो न वाजलेलाच बरा वाटतोय."

मी म्हटलं, काहीतरीच काय बोलता. मी तर जपायला गेले.

शनिवार, २६ एप्रिल

काहीतरीच बोलतात. मी का म्हणून वाजू नये असं म्हणेन.

आज बाजाराला गेले नाही. बोंबील उचलून घरात आणले, परत बाहेर टाकले. भांडी घासली, ती घासलेलीच होती.

खरं लिहिते, ही डायरी काही हे वाचणार नाहीत, ह्यांचा चष्मा मोडला आहे. दट्टे झिजलेत असं हेमाली म्हणाली तेव्हा मला आनंद झाला, आणि आनंदाच्या मागोमाग भीती. आत्तापर्यंत छाती गेली की दट्टे गेले ते कुणाला माहीत नव्हतं. दट्टे नवे झाले आणि तरी सूर आला नाही, तर मग दोष टाकायला काही उरत नाही. हे किल्ल्यापर्यंत चालतात, दाढी करतात, सगळं त्या तीन तुकड्यांच्या भरवशावर. पुन्हा चार लोकांत फुस्स झालं तर ह्या वेळी हे ओट्यावरूनसुद्धा उठणार नाहीत. पालघरचा डॉक्टर कधीच म्हणाला आहे, छातीत जुना धूर आहे. इंजिनाचा आणि बिड्यांचा. ते मी हेमालीला सांगितलेलं नाही.

पण म्हणून मी तेल लावलं असं नाही. मी जपायलाच लावलं. मला तरी तसंच आठवतं.

शुक्रवार, २ मे

दट्टे परत टाकीत गेले. ह्या वेळी सुजितनं दोनदा गरम साबणात बुडवले, आणि हेमाली हातमोजे घालून पूर्ण वेळ तिथेच उभी होती. सुट्टीच्या दिवशी, त्या वासात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एवढी कष्टाळू मुलगी ह्या तालुक्यात नसेल. आली तर दमलेली पण नव्हती.

तेलाची बाटली मी चिमीच्या घरी ठेवून आले. माझ्या हाताचा भरवसा नाही.

रविवार, ४ मे

बसले. घासून घासून असे बसले की दट्टा सोडला तर आपल्या वजनानं हळूहळू उतरतो, टपकन पडत नाही. हेमालीनं खालचं भोक बोटानं बंद करून दाखवलं, तर दट्टा अधांतरी राहिला. आत कोंडलेला वारा त्याला पडू देत नाही, असं म्हणाली. बाहेरचे पत्रे पण चमकवून आणले, मला त्यात माझं तोंड दिसलं. आडवं आणि मोठं, पण माझंच.

"वाजवा ना आजोबा," हेमाली म्हणाली.

हे म्हणाले, "हळदीला."

"आधी एकदा घरात बघून तरी घ्या."

"घरात वाजला तर काय कळणार. मी उघड्यावर वाजवणारा माणूस."

मी म्हटलं, "अवो, नुसती एक फुंकर. तोंड फिरवते मी."

"तू तोंड फिरवलंस तरी कान हायेत ना तुला."

आणि ट्रंपेट उशाशी घेऊन झोपले दुपारचे. मी चिडून दोन वेळा चहा केला आणि दोन्ही वेळा एकटीनंच प्यायला.

बुधवार, ७ मे

काल हळद झाली. आज सकाळी लिहिते आहे.

मोनालीच्या अंगणात मांडव. सगळ्या बायका पिवळ्या झालेल्या. बँजोपार्टी सफाळ्याची, डोक्यात घण घालतात. मोनालीच्या आजीनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि म्हणाली, "आता आमचे म्हादू भाऊजी वाजवतात." पोरांना वाटलं गंमत आहे. होळीला बोलला होता तो पोरगा पण होता तिथे, त्यानं मोबाइल वर धरला.

हे उभे राहिले. लाल कोट नाही, तो उंदरांनी खाल्ला. पांढरा सदरा. ओठांवरून जीभ फिरवली, वाकडं बोट बटणावर ठेवलं.

नवरीला न्हाऊ घालतात त्या गाण्याची चाल होती. पहिली ओळ आली. फुस्स नाही, काही नाही, अशी स्वच्छ की पलीकडच्या आळीत कुत्री भुंकायची थांबली. ती मी सूनबाई होऊन आले तेव्हा ऐकलेली ओळ. मी चिमीचा हात दाबला, तिच्या हातावर हळद होती.

दुसऱ्या ओळीच्या मध्यावर दम संपला.

दट्ट्यांचा दोष नव्हता. मला माहीत होतं, आणि ह्यांना त्याच वेळी कळलं, मी त्यांच्या तोंडावर बघितलं. ट्रंपेट ओठांवरच होता, गाल खाली आलेले. मांडवात कढईतला वडा तळतानाचा आवाज ऐकू येत होता. त्या पोराचा मोबाइल वरच.

मी काही ठरवलं नव्हतं. ओळ अर्धी राहिली होती आणि मला अर्धी ओळ सहन होत नाही, एवढंच. जिथे ह्यांनी सोडली तिथून मी म्हणायला लागले. आवाज माझा मासळी बाजारातला, गोड नाही, पण लांब जातो. मोनालीच्या आजीनं उचललं, मग चिमीनं, मग सगळ्या जुन्या बायकांनी. ओळ पुरी झाली. तोवर ह्यांचा दम परत आला आणि पुढची ओळ त्यांनी घेतली. ती पण मध्यावर आली, आम्ही उचलली. असं सगळं गाणं झालं. नाचणारे आधी बावचळले, मग त्यांना कुठे थांबायचं आणि कुठे पाय टाकायचा ते कळलं, आणि मग कुणी थांबेचना. परत तेच गाणं म्हणायला लागलं.

दम घेताना दर वेळी हे माझ्याकडे बघत होते. गाल न फुगलेले. चेहरा वाईट नाही.

सुजित मासवणहून मुद्दाम आला होता. शेवटपर्यंत ट्रंपेटची माळ्यावरून काढलेली रिकामी पेटी हातात धरून उभा, खाली ठेवायची सोडून. खाली कशी ठेवणार म्हणा, हेमालीनं पण त्याच कडीला धरलं होतं. एवढीशी पेटी, आणि दोघं.

घरी येताना हे म्हणाले, "निम्मी छाती गेलेली हाय, हिरे."

मी म्हटलं, "हो."

"आणि निम्मे दट्टेच व्हते."

"हो."

"मंग बरं. मी आख्खी गेली समजत व्हतो."

गुरुवार, ८ मे

हे सकाळी किल्ल्याकडे गेले. जाताना हेमालीनं आणलेलं पातळ तेल दट्ट्यांना लावून मागितलं. मी आधी तिला विचारलं, लावू का, नक्की ना. ती हसून म्हणाली, आता लाव.

दुपारी सफाळ्याची दोन माणसं आली. त्यांच्याकडे वीस तारखेला हळद आहे. ओट्यावर ह्यांच्याशीच बोलली, मी आत मासे साफ करत होते. एकानं विचारलं, "एकटेच येणार ना, म्हादूकाका?"

हे म्हणाले, "नाय. आमी दोघं असतो. ती नसली तर गाणं अर्धं ऱ्हातं."

माणसं गेल्यावर मी बाहेर आले आणि चांगलं सुनावलं. म्हटलं, असं परस्पर सांगायचं नसतं, माझा बाजार असतो, माझे गुडघे असतात, आधी विचारायचं असतं.

मग हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं. ट्रंकेतला वास जायला बरेच दिवस लागतात.